कोकणातून पहिल्यांदाच हिमालयातल्या शिखरावर जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा संपला की मला फोन यायला लागतात. दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कधी पार वेंगुर्ल्याहून. ताई, यंदा जाणार आहात का, मला जमेल का, किती पैसे, आई सोडेल का. आम्ही काही कंपनी नाही, इथली पोरंपोरी मिळून तयारी करतो आणि मनालीतल्या सर्टिफाइड गाइडच्या टीमबरोबर हिमाचलातल्या ५,२८९ मीटर उंच फ्रेंडशिप पीक या शिखरावर जातो. तेच तेच प्रश्न येतात आणि फोनवर घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, जे मला आवडत नाही कारण यात जीवाचा प्रश्न आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. तरी चालेल का?

चालेल. आमच्यातल्या बहुतेकांनी पहिला बर्फ तिथेच बघितला. बर्फावर चालायचं कसं, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली लावायचे लोखंडी काटे बांधायचे कसे, आइस अॅक्स धरायची कशी, घसरलो तर तीच कुऱ्हाड बर्फात रोवून स्वतःला थांबवायचं कसं, हे सगळं वर कॅम्पजवळच्या उतारावर एक अख्खा दिवस शिकवतात. हा दिवस ज्या प्लॅनमध्ये नाही त्या प्लॅनमध्ये जाऊच नका. पण एक आहे, चालायची सवय आणि दमसास इथूनच घेऊन जायचा असतो, तो तिथे कोणी शिकवत नाही.

५,२८९ मीटर म्हणजे नेमकं किती उंच? कळसूबाई केलंय मी.

कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे फ्रेंडशिप तिच्या तिपटीहून जास्त. पण खरा फरक उंचीचा नाही, हवेचा आहे. लोक म्हणतात वर ऑक्सिजन कमी असतो, तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं २१ टक्के, पण हवेचा दाब कमी होतो म्हणून एका श्वासात येणारा ऑक्सिजन कमी पडतो. दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहून एका श्वासात शंभर मिळतो असं धरलं तर त्या शिखरावर साधारण बावन्न-त्रेपन्न. आपण समुद्रकाठची माणसं, आपलं शरीर पूर्ण शंभरवर वाढलेलं. त्याला बावन्नवर काम करायला शिकवायचं तर वेळ द्यावा लागतो. ताकद असून उपयोग नाही, वेळच द्यावा लागतो. जिममधली दणकट पोरं वर पहिली आजारी पडलेली मी बघितलीत, कारण ती भराभर चढतात.

तयारी काय करायची? आमच्याकडे डोंगर कुठेत?

डोंगर नाहीत असं कोकणातला माणूस म्हणतो तेव्हा मला वाईट वाटतं. सह्याद्री मागे उभा आहे ना! खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही सलग तीन गडांची वाट आहे, जड सॅक घेऊन दोन दिवसांत ती केलीत आणि सोमवारी कामावर उभे राहिलात तर तुमची तयारी बरी आहे. रायगडाच्या पायऱ्या आहेत. चिपळूणवाल्यांना गोविंदगड रोज सकाळी करता येतो, रत्नागिरीवाल्यांना रत्नदुर्ग.

आम्ही चार महिने आधी सुरू करतो. आठवड्यातून चार दिवस सकाळी लवकर पळणं, कारण मार्चनंतर सात वाजता सुद्धा घामाने जीव जातो, सुरुवातीला ३ किलोमीटर आणि हळूहळू ५ किलोमीटर पस्तीस मिनिटांच्या आत येईपर्यंत. वाळूत चालणं खूप चांगलं, पण भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या मऊ वाळूत आणि बूट घालून, ओल्या घट्ट वाळूत चालून काही होत नाही. कोरड्या वाळूत पाय मागे घसरतो तसाच मऊ बर्फात घसरतो, पोटरीला तीच मेहनत पडते. आणि दर रविवारी चढ, पाठीवर १० ते १२ किलो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकामी सॅक घेऊन उतरा, गुडघे वाचतात. उतरायचा सराव मात्र वेगळा करा, कारण मोहिमेत जास्त लोक उतरताना रडतात.

समिटच्या म्हणजे शिखर गाठायच्या दिवशी एका दमात साधारण १,२०० मीटर चढायचं असतं. रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ दीडपट, रात्रीचं, बर्फात, अर्ध्या हवेत.

जायच्या आधी आठ दिवस महाबळेश्वरला राहिलो तर उंचीची सवय होईल ना?

नाही हो. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, शरीराला त्या उंचीवर काही बदलायची गरजच वाटत नाही. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि सवयही तिथेच होते. महाबळेश्वरला जायचं तर घाटातून चढून जा, तेवढा व्यायाम.

कोणत्या महिन्यात जायचं?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आता आपलं गणित बसवा. एप्रिल-मे आंब्याचा सीझन, बागायतदाराच्या घरातलं कोणी हलत नाही. सप्टेंबरात गणपती असले तर विषयच संपला. म्हणून आम्ही जूनचा पहिला पंधरवडा धरतो, आंबा आवरलेला असतो, लावणी अजून लांब असते आणि हिमाचलात पाऊस पोचलेला नसतो, तो साधारण जूनअखेरीला पोचतो. बर्फही तेव्हा भरपूर असतो. हर्णै, मिरकरवाड्याची पोरं विचारतात त्यांच्यासाठी तर हे उत्तमच, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, हात मोकळे.

ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय सुट्टी नाही त्यांनी लडाख-लाहौलचा विचार करावा, तिथे मान्सूनचा जोर पोचत नाही. लडाखचं कांग यात्से २, हिमाचलातल्या लाहौलचं युनाम ही शिखरं आहेत पण दोन्ही ६,००० मीटरच्या वर. पहिल्याच वेळी ६,००० नको असं माझं स्पष्ट मत आहे, कंपन्या काहीही म्हणोत.

वर डोकं दुखायला लागलं तर काय करायचं?

सांगायचं. लगेच, गाइडला, न लाजता. या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं, चक्कर, ही उंचीच्या आजाराची सुरुवात, त्याला तिकडे सगळे एएमएस म्हणतात. सौम्य असेल तर त्या उंचीवर थांबायचं, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची, बहुतेक वेळा एका दिवसात बरं वाटतं. बरं वाटल्याशिवाय वर जायचं नाही. थांबूनही वाढत गेलं तर खाली उतरायचं. यात वाद नाही, मतदान नाही. पुढचे दोन प्रकार जीवघेणे आहेत. एकात फुफ्फुसात पाणी भरतं, बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे गुलाबी फेस पडतो. दुसऱ्यात मेंदूला सूज येते, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. एक साधी टेस्ट आहे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालायचं. तोल गेला तर रात्र असो की पाऊस, ऑक्सिजन लावून खाली न्यायचं. खाली उतरवणं हाच खरा इलाज आहे, बाकी सगळं तोपर्यंतचा आधार.

मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा वरच्या कॅम्पवर संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं. कोणाला सांगितलं नाही. घरी एवढं भांडून आलेली, पैसे भरलेले, ग्रुपमध्ये तीनच मुली, आता कच खाल्ली असं कोणी म्हणायला नको. ऑक्सिमीटरवर आकडा बरा होता, गाइडने विचारलं तर हसून मान हलवली. रात्री एक वाजता निघालो आणि साडेतीनच्या सुमारास मी उलट्या करायला लागले, नीट उभी राहता येईना. असिस्टंट गाइड मला घेऊन खाली आला. आणि तो खाली आल्यामुळे त्याच्या दोरावरची दोन मुलं, जी अगदी ठणठणीत होती, त्यांनाही परत फिरावं लागलं. त्यातला एक वर्षभर पैसे साठवून आलेला. तो मला एका शब्दाने बोलला नाही आणि ते अजून आठवलं की पोटात तुटतं. संध्याकाळी सांगितलं असतं तर मी तिथेच थांबले असते आणि ती दोघं गेली असती.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, रोज रात्री जेवताना प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, डोकं, पोट, झोप, शी-शू, सगळं. लाज दापोलीत ठेवून यायची.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या आजाराची गोळी, घ्यावी का?

डॉक्टरला विचारून. प्रतिबंध म्हणून बहुतेकांना १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, त्याने घाबरू नका, पाणी प्या. पण गोळी घेतली म्हणून भराभर चढायची परवानगी मिळत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम गोळी घेणाऱ्यालाही आहे.

ऑक्सिजनचा सिलेंडर पाठीवर असतो का?

नाही. या उंचीला तो लागत नाही, टीमकडे इमर्जन्सीसाठी असतो. घरी ९७-९८ दिसणारा ऑक्सिमीटरचा आकडा वर ८५ च्या आसपास आला की काही जण घाबरून रडतात, तेवढा तिथे येतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय हे बघायचं असतं.

वय ४६, बीपीची गोळी चालू आहे. येऊ का?

बीपी कंट्रोलमध्ये असेल तर बरेच जण येतात, पण हृदयाच्या डॉक्टरकडून टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी करून आणि जाताय कुठे हे त्यांना नीट सांगून. शुगर, दमा, आधीचं हृदयाचं काही, गरोदरपण, हे लपवायचं नाही, फॉर्मवर खरं लिहायचं. बायकांनी हिमोग्लोबिन महिना-दोन महिने आधी तपासा. आपल्याकडे ९-१० वर घरभर राबणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांना ते माहीतही नसतं, वर मात्र ते लगेच जाणवतं.

पाळी आली तर?

आली तर आली, चढता येतं, मी चढलेय. उंचीवर आणि थंडीत तारखा पुढे-मागे होतात म्हणून तारीख नसली तरी सामान बरोबर ठेवा. वापरलेलं सगळं झिपच्या पिशवीत बंद करून खाली परत आणायचं, बर्फात पुरायचं नाही, बर्फ वितळतो आणि खालचं गाव तेच पाणी पितं. टॉयलेटचा तंबू असतो. रात्री बाहेर जायला भीती वाटली तर तंबूतल्या मैत्रिणीला उठवा, कोणी चिडत नाही.

कंपनी किंवा गाइड चांगला आहे हे कसं ओळखायचं?

फोन करा आणि विचारा. मुख्य गाइडने बेसिक, अॅडव्हान्स आणि त्यापुढचा एमओआय म्हणजे दुसऱ्यांना शिकवायचं कसं याचा कोर्स कुठून केलाय? उत्तरकाशीची निम, दार्जिलिंगची एचएमआय, मनालीची सरकारी संस्था, पहलगामची, अशा गिर्यारोहण संस्थांची नावं यायला हवीत. समिटला किती जणांमागे एक गाइड? चार-पाचपेक्षा जास्त सांगितले तर सोडून द्या. खराब हवामानासाठी जादा दिवस धरलाय का? ऑक्सिजन, स्ट्रेचर, वॉकीटॉकी आहे का? परवानग्या कोण काढतं, कागद दाखवाल का? आणि शेवटचं, किती वाजता परत फिरता? ज्याच्याकडे परत फिरायची ठरलेली वेळ आहे तो गाइड. 'समिट गॅरंटी' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

खर्च किती?

मनाली ते मनाली तीस-पस्तीस हजारांपासून पुढे, टीम आणि गाइड किती यावर वाढत जातो. त्यावर प्रवास, कपडे, इन्शुरन्स वेगळे धरा. इन्शुरन्स घेताना किती मीटरपर्यंत आणि दोर-क्रॅम्पॉनचं चढणं कव्हर होतं का हे लेखी घ्या, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक वेळा नसतं. सगळ्यात स्वस्त पॅकेज शोधू नका, स्वस्त म्हणजे कुठेतरी एक गाइड कमी केलेला असतो.

कपडे? आमच्याकडे स्वेटरसुद्धा नाही.

माहितेय, माझ्याकडेही नव्हता. बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस, हेल्मेट, आइस अॅक्स टीम देते, स्लीपिंग बॅगपण. जाड डाउन जॅकेट भाड्याने मिळतं. विकत घ्यायचं ते दोन थर्मल, एक फ्लीस, वारा-पाणी अडवणारं जॅकेट-पँट, दोन जोडी हातमोजे, लोकरीचे मोजे, हेडलॅम्प. समिटच्या पहाटे वाऱ्यासकट उणे दहाच्या खाली जातं. सुती काही नको, घामाने भिजलेला सुती बनियन अंगावर वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते, इथे पावसात दिवसभर ओल्या कपड्यात राहायची आपली सवय तिथे चालत नाही. गॉगल चांगला घ्या, कॅटेगरी ४. दुपारी समुद्राच्या पाण्यावरून ऊन डोळ्यात येतं ना, बर्फावरून त्याच्या कितीतरी पट येतं आणि काही तासांत डोळे जाळतं. ढग असले तरी गॉगल काढायचा नाही. बूट जाड मोजे घालून मापून बघा आणि पायाची नखं कापून या, उतरताना काळी पडतात.

खायला काय? मासे मिळतील?

मासे नाहीत. डाळ, भात, रोटी, भाजी, मॅगी, अंडी, सूप. वर भूक मरते, जेवण समोर आलं की नको वाटतं, तेव्हा घरची चव कामाला येते. आम्ही कुळथाचं पीठ नेतो, स्वयंपाकी भाईजींना पिठी करायला शिकवलीय, रात्री गरम पिठी-भात आला की न जेवणारी पोरं जेवतात. कोकमाचं आगळ, नाचणीचे लाडू, शेंगदाणा-गूळ, आंबापोळी, फणसपोळी. आंबापोळीचे छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात दगड होते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. दारू-सिगरेट मोहीम संपेपर्यंत अजिबात नाही.

समिटच्या दिवशी नेमकं काय होतं?

रात्री बारा ते दोनच्या दरम्यान निघतात. कारण रात्री बर्फ कडक असतो, क्रॅम्पॉन रुततात, उन्हं चढली की तो मऊ होतो, पाय मांडीपर्यंत जातो आणि वरून दगड, हिमस्खलनाची भीती वाढते. अंधारात पुढच्याच्या टाचेवर आपल्या दिव्याचा उजेड, वीस पावलं, थांबा, श्वास, परत वीस पावलं. बोलायला कोणाला दम नसतो. उजाडताना पीर पंजाल आणि पलीकडे लाहौलचे डोंगर एकेक करून गुलाबी व्हायला लागतात, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. जाऊन-येऊन बारा-चौदा तास लागतात. वर दहा-पंधरा मिनिटंच मिळतात.

आणि समिट झालं नाही तर पैसे परत?

नाही, आणि मिळूही नयेत, नाहीतर गाइडवर वर न्यायचं प्रेशर येईल. माझा मामा हर्णैला बोटीवर होता. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बोट समुद्रात नाही, मग घरात तांदूळ असोत नसोत, आणि त्यावर कोणी मामाला भित्रा म्हटलेलं मी ऐकलं नाही. गाइड 'बस, वापस' म्हणाला की तो बावटा. शिखर पन्नास मीटरवर दिसत असलं तरी.

आई घाबरते. बातम्यांत हिमस्खलनाचं बघितलंय तिने.

तिची भीती खोटी नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा २ शिखरावर निमच्या अॅडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर हिमस्खलन झालं, पंचवीसपेक्षा जास्त जीव गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केली होती. म्हणजे अनुभव असला तरी डोंगर मोठाच. काही होणार नाही असं मी कोणाच्या आईला सांगत नाही. मी घरी येते, आईसमोर बसते, काय धोका आहे, आम्ही काय काय करतो आणि कधी परत फिरतो हे सांगते. दोनदा आई नाहीच म्हणाली, मुलगी आली नाही. मी आग्रह केला नाही.

जायचं कसं?

गोवा संपर्क क्रांती मडगावहून चंदीगढला जाते, रत्नागिरीला थांबते. नाहीतर मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन आणि पुढे रात्रीची बस. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, वेळा बदलतात, तिकिटावरची वेळ परत तपासा. पॉवरबँक विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय अजिबात नेऊ नका, भारतात तो गुन्हा आहे.

लडाखला जाणाऱ्यांना वेगळं सांगते, मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलात तर तुम्ही काही तासांत ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस फक्त पडून राहायचं. बाइक, बाजार, काही नाही. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

वर नेटवर्क?

मनालीजवळच्या सोलंगनंतर भरवसा नाही. घरच्यांना आधीच सांगा की पाच-सहा दिवस फोन लागणार नाही. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते.

लडाखचं स्टोक कांग्री शिखर करायचं होतं, ते सोपं म्हणतात.

ते २०२० पासून बंद आहे. आणि ६,१५३ मीटरचं काही सोपं नसतं.

फ्रेंडशिप झालं, मग पुढे?

पुढच्या शिखरापेक्षा बेसिक कोर्स करा, साधारण चार आठवड्यांचा असतो, निम किंवा मनालीला. गाइडच्या मागे चालणं आणि स्वतः दोर बांधता येणं यात खूप फरक आहे. आपल्या किनाऱ्यावरची पाच-सहा पोरं अशी तयार झाली तर आपल्या ग्रुपला आपलीच माणसं न्यायला मिळतील, माझी ही फार इच्छा आहे.

मग आता पहिल्यांदा काय करू?

रविवारी सकाळी साडेपाचला मुरुडच्या किनाऱ्यावर या, चांगले बूट, दोन लिटर पाणी आणि पाठीवर जी असेल ती सॅक. पैसे, फॉर्म काही नको. दोन महिने चालून बघा, मग ठरवा. भरती असेल त्या रविवारी आम्ही वरच्या रस्त्याने जातो, मागून येणाऱ्यांनी तिकडे बघा.